पिटुनिया: गच्चीवर की पूर्वेच्या गॅलरीत?

दिवाळी झाली की लातुरातल्या नर्सऱ्यांमध्ये पिटुनियाचे ट्रे लागतात आणि ओळखीचं कुणी ना कुणी विचारतंच, "वर ठेवू का खाली?" पिटुनियाला निदान पाच-सहा तास ऊन लागतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. शंका असते ती आपल्याकडच्या उन्हाची. गॅलरीतलं सकाळचं कोवळं ऊन पुरेल का, आणि गच्चीवरचं रोपाला सोसेल का?

मी तीन हिवाळे फक्त गॅलरीत लावली. चौथ्या वर्षी एकाच ट्रेमधली बारा रोपं घेतली. सहा पहिल्या मजल्याच्या पूर्वेकडच्या गॅलरीत ठेवली, सहा वर गच्चीवर. माती एकच, शेणखत एकच, दहा इंची कुंड्याही सारख्याच.

गॅलरीची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी नाही. पाणी कमी लागतं. डिसेंबरात एक दिवसाआड घातलं तरी माती ओलसर राहायची. ज्या गावानं 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, तिथं ही गोष्ट मी हलकी धरत नाही. उमललेलं एकेक फूल खाली दोन-तीन दिवस जास्त टिकतं. जांभळा रंग विटत नाही. पांढऱ्या पिटुनियाला तिन्हीसांजेला मंद वास येतो, तो गॅलरीत बसल्याजागी मिळतो. शिवाय अवकाळीची धास्ती नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. गारांचं सोडा, नुसत्या एका सरीनं मोठ्या फुलांच्या पाकळ्यांचा ओल्या कागदासारखा लगदा होतो.

आता गॅलरीतलं ऊन. एका रविवारी मी फरशीवर खडूनं तासातासाला सावलीची रेघ मारली. समोरच्या घरामुळं आठपर्यंत ऊन नाही, आणि अकराच्या आत वरच्या स्लॅबची सावली कुंड्यांवर. जेमतेम तीन तास! संक्रांतीपर्यंत गॅलरीतल्या फांद्या वीतभर लांबल्या होत्या, मध्ये उघड्या काड्या आणि टोकाला तीन-चार फुलं. फुलं कमी म्हणून मी खत वाढवलं, तर झाड पानांनीच माजलं. उन्हाची कसर खतानं भरून निघत नाही, हे तेव्हा पक्कं कळलं.

पण फुलं कमी, हे मी सोसलं असतं. माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणानं. गॅलरीत उजेड एकाच बाजूनं येतो, त्यामुळं सगळी फुलं बाहेर तोंड करतात. आई रोज सकाळी तिथं तांदूळ निवडायला बसते. एक दिवस सूप खाली ठेवून म्हणाली, "फुलं सगळी रस्त्याकडंच बघायलेत की रे." खरंच होतं. आमच्या वाट्याला फुलांच्या पाठी, हिरवे देठ आणि चिकट पानांवर बसलेली धूळ. मी रोज सकाळी कुंड्या अर्ध्या फिरवायला लागलो. दोन-तीन दिवसांत शेंडे वळायचे, नव्या कळ्या पुन्हा बाहेरच्या बाजूला. फिरवताना कठड्याला घासून फांद्या मोडायच्या ते वेगळंच. इतकी निगा राखून घरातल्या माणसाला फूल समोरून दिसू नये, ही खंत मला शेवटपर्यंत राहिली.

गच्चीवरची सहा मात्र गोलाकार भरली. उजेड चारी बाजूंनी, त्यामुळं फुलंही चारी बाजूंनी. शेंडे दोनदाच खुडले होते, तरी जानेवारीत कुंडीचा काठ दिसत नव्हता. अर्थात वर कामही जास्त. सुकलेलं फूल नुसतं ओढलं तर पाकळ्या हातात येतात आणि बोंड मागंच राहतं, मग झाड बी धरायच्या मागं लागतं. देठासकट खुडावं लागतं. रोजची दहा मिनिटं जातात आणि बोटं चिकट होतात.

वर पाणी रोज लागतं, फेब्रुवारीच्या अखेरीपासून तर दोनदा. कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. तापलेला स्लॅब मुळांना उन्हापेक्षा जास्त त्रास देतो, असं मला वाटतं. आणि दुपारी पानं मलूल दिसली की लगेच झारी उचलू नका. बोट मातीत दोन पेरं घाला. आत ओल असेल तर संध्याकाळी झाड आपोआप उभं राहतं. या घाईनंच माझी दोन रोपं मुळाशी कुजून गेली.

गच्चीवर कुठं, हेही महत्त्वाचं. आमच्या जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला भिंतीलगत ऊन सकाळपासून बारा-साडेबारापर्यंत मिळतं, पुढं भिंतीची सावली. हिवाळाभर कुंड्या उघड्यावर ठेवतो आणि महाशिवरात्रीच्या सुमारास त्या भिंतीकडं सरकवतो. त्यानं हंगाम मार्चअखेरपर्यंत ओढता येतो. हिरवी जाळीही बांधून पाहिली. एप्रिलच्या मध्यापर्यंत झाडं जगली, पण फुलं बोटांवर मोजण्याइतकी. चाळिशीपार पारा गेल्यावर पिटुनियाशी झगडण्यात अर्थ नाही, असं माझं मत झालंय.

तुमची गॅलरी दक्षिणेची असेल तर मात्र माझं म्हणणं थोडं बदलेल. डिसेंबरच्या शेवटी लातुरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला साधारण 48 अंशांवरच असतो, त्यामुळं ऊन स्लॅबखालून आत शिरतं. समोर इमारत नसेल तर तिथं पाच-सहा तास सहज मिळावेत. फुलांच्या पाठी तिथंही दिसतील, पण फुलं तरी भरपूर असतील.

ज्यांच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं किंवा ज्यांना जिना चढवत नाही, त्यांनी खुशाल गॅलरी निवडावी. फक्त लहान फुलांची, जास्त फुटवे धरणारी जात घ्यावी, ती कमी उन्हात जरा बरी चालते. बाकीच्यांना मी गच्चीच सुचवेन.

आईसाठी आता मी वेगळंच करतो. वर भरात आलेल्या कुंड्यांतल्या दोन पांढऱ्या खाली आणतो आणि तिच्या बसायच्या जागेजवळ, आतल्या बाजूला ठेवतो. उमललेली फुलं आहेत तशी राहतात, वळतात त्या नव्या कळ्या. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी शेंडे बाहेर झुकायला लागले की त्या दोन वर जातात आणि दुसऱ्या दोन खाली येतात.