नेस्टेड केस-कंट्रोल की केस-कोहॉर्ट? आठ महिने दोन्ही वापरून

जूनमध्ये हिशेब मांडला तेव्हाच कळलं, आमच्या कोहॉर्टचे, म्हणजे वर्षानुवर्षं पाहणीत ठेवलेल्या गटाचे, फ्रीझरमधले सगळे रक्तनमुने तपासायला काढले तर अनुदान चवथीआधीच संपेल. आजारी पडलेले (केसेस) सगळे घ्यायचे, तुलनेसाठी उरलेल्यांतले (कंट्रोल) थोडेच, एवढं ठरलं. थोडे म्हणजे नेमके कुठले, यात आठ महिने गेले.

आधी नेस्टेड केस-कंट्रोल. कोणी आजारी पडलं की त्या दिवशी जे निरोगी आणि पाहणीत आहेत, त्यांच्यातून चिठ्ठ्या काढायच्या. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या एपी पॅकेजचं सीसीडब्ल्यूसी हे फंक्शन निवड करून देतं, पुढचं विश्लेषण क्लॉजिट हे फंक्शन करतं. केसमागे 4 कंट्रोल घेतले. रक्तातल्या ज्या घटकाचा आजाराशी संबंध तपासतोय त्याचा परिणाम फारसा नसेल तर पूर्ण कोहॉर्टच्या 80 टक्के माहिती मिळते, पाचवा घेतला तर 83. तीन टक्क्यांसाठी आणखी तपासणी-किट कोण फोडणार?

घोळ मी घातला. कंट्रोल म्हणून निवडलेल्या एक बाई दोन वर्षांनी स्वतःच केस झाल्या. मी त्यांना आणि तशा सगळ्यांना कंट्रोलांतून वगळलं. यादी स्वच्छ दिसली, आकडे मात्र बिघडले. बाणस्तारीच्या पुलावर बस अडकली होती तेव्हा डोक्यात उजेड पडला: निवडीच्या दिवशी त्या निरोगीच होत्या, पुढचं बघून गाळणं म्हणजे पत्ते बघून डाव मांडणं. घरी पोचल्यावर सगळं परत चालवलं.

मग केस-कोहॉर्ट, संख्याशास्त्रज्ञ प्रेंटिस यांनी 1986 मध्ये मांडलेली पद्धत. सुरुवातीलाच सगळ्या कोहॉर्टमधून एक छोटा गट, उपकोहॉर्ट, चिठ्ठ्यांनी काढायचा, त्यात सगळ्या केसेस घालायच्या. आरच्याच सर्व्हायव्हल पॅकेजमधल्या एनडब्ल्यूटीसीओ या मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या डेटावर हात बसवा: 4028 मुलं, 571 जणांत आजार उलटलेला, उपकोहॉर्ट 668, म्हणजे 1154 जणांची तपासणी पुरते. कॉक्सपीएच हे नेहमीचं फंक्शन तसंच चालवू नका, प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत ते सांगणारे आकडे) चुकतात, सीसीएच हे फंक्शन वापरा. त्याची मदतपानं मात्र फार त्रोटक.

एकच उपकोहॉर्ट मधुमेहालाही चालतो, हृदयविकारालाही, म्हणून मी भाळलो होतो. कागदावर ते खरं. आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी एका वाक्यात जमिनीवर आणलं: "दुसऱ्या आजारासाठी तीच नळी परत वितळवणार?" डीएनएला त्याने फारसं बिघडत नाही, पण आमचा हार्मोन नाजूक. शिवाय उपकोहॉर्ट आणि केसेस वेगवेगळ्या दिवशी तपासल्या की फरक आजाराचा की किटच्या लॉटचा (वेगळ्या खेपेचा), ते कळत नाही.

आता डीएनएसाठी केस-कोहॉर्ट, हार्मोनसाठी नेस्टेड. एका केसच्या आणि तिच्या चार कंट्रोलांच्या नळ्या त्याच वर्षी साठवलेल्या, एकाच तपासणी-प्लेटवर, शेजारी शेजारी. कुठली केस ते प्लेट भरणाऱ्या ताईंना सांगत नाही. त्या विचारतात, तरीही.