पिनव्हीलच्या मधली गाठ: माया एका बाजूला, फाकवून की फिरवून?

पिनव्हील, म्हणजे भिरभिऱ्याच्या नक्षीचा क्विल्टचा ब्लॉक, दिसायला सोपा. चार चौकोन, प्रत्येकात एक गडद आणि एक फिका त्रिकोण. पण मध्यबिंदूत आठ टोकं येऊन भिडतात आणि प्रत्येक टोकामागे पाव इंचाची माया (शिवणीबाहेर राहणारं जादा कापड) असते. ती सगळी एकाच जागी दुमडली की टणक गाठ होते. मग क्विल्टिंग करताना, म्हणजे सगळे थर एकत्र शिवताना, मशीनचा फूट तिथे अडखळतो आणि हाताने टाके घालणारीची सुई आत शिरत नाही. आपल्या गोधडीला हा त्रास कमी, कारण तुकडे थरांवर ठेवून, कडा मुडपून धावदोऱ्याने बसवले जातात. पिनव्हीलमध्ये मात्र तुकडे आधी एकमेकांना जोडायचे असतात, त्यामुळे माया कुठे वळवायची हे ठरवावंच लागतं.

अनेकजणी हा निर्णय ब्लॉकची मागची बाजू बघून घेतात. मला ते पटत नाही. ती बाजू आत झाकली जाणारच आहे. टॉपवर, म्हणजे क्विल्टच्या वरच्या जोडलेल्या थरावर, पुढे टाके कसे पडणार आहेत, हे आधी बघा.

सगळी माया गडद बाजूला पाडणं हा जुना आणि सर्वात जलद मार्ग. त्याचा मोठा फायदा जोडणीच्या वेळी कळतो. दोन चौकोन सुलट बाजू समोरासमोर ठेवले की एकाची तिरकी माया कडेकडे असते, दुसऱ्याची उलट दिशेला. त्यामुळे दोन्ही शिवणी एकमेकींना खेटून बसतात आणि टाचणी न लावताही टोकं जुळतात. दोन ओळी जोडतानाही तसंच, कारण वरच्या ओळीची माया डावीकडे गेली असेल तर खालच्या ओळीची आपोआप उजवीकडे जाते. घोडं अडतं ते शेवटच्या आडव्या शिवणीला. तिची माया वर पाडा नाहीतर खाली, अर्धी फिक्या कापडाखाली जाणारच. पांढऱ्या कॅम्ब्रिकमधून गडद निळी पट्टी दिसते ती हीच. शिवाय मध्यावरची सगळी टोकं एकाच बाजूला चढतात.

फाकवून इस्त्री केली तर जाडी दोन्ही बाजूंना वाटली जाते आणि ब्लॉक खरोखर सपाट बसतो. डेनिम, जाड हातमाग किंवा खणाचे तुकडे असतील तर मी दुसरा विचार करणार नाही. (खणात कृत्रिम धागा असेल तर इस्त्री मंद ठेवा आणि वर सुती फडकं घाला.) पण किंमत मोजावी लागते. शिवणी खेटून बसत नाहीत, म्हणून मध्यबिंदूतून टाचणी आरपार घालूनच टोकं जुळवावी लागतात. जोडावर कापडाचा आधार नसतो, सगळा ताण दोऱ्यावर येतो, तेव्हा टाका २ मि.मी.च्या आसपास बारीक हवा. आणि शिवणीच्या खाचेतून (दोन कापडं जुळतात त्या रेषेवरूनच) टीप मारायची असेल तर हा मार्ग सोडाच: तिथे सुई कापडात न जाता जोडाच्या दोऱ्यावरच पडते. संपूर्ण टॉपवर नागमोडी किंवा सरळ रेषांचं मशीन क्विल्टिंग करणार असाल तर मात्र उत्तम.

तिसरा मार्ग माया फिरवण्याचा, आणि साध्या सुती कापडाला मी तोच सुचवेन. त्रिकोणांची आणि दोन ओळींतल्या उभ्या शिवणींची माया नेहमीसारखी गडद बाजूला पाडायची, शेवटची आडवी शिवण घालायची. मग ब्लॉक उलटा करून, त्या शिवणीच्या पलीकडे मायेत राहिलेले उभ्या शिवणीचे दोन-तीन टाके दोन्ही बाजूंनी सीम रिपरने उसवायचे. आडव्या शिवणीला हात लावायचा नाही. आता मध्य बोटाने दाबला की आडव्या मायेचा अर्धा भाग वर जातो, अर्धा खाली, आणि मागे एक चिमुकलं भिरभिरं उघडतं. दिसायला गोड आहे, पण खरा लाभ वेगळा: ब्लॉक चारही बाजूंनी सारखाच फिरतो, म्हणून चारही जोडांची माया गडद कापडाखाली जाते. फिक्यातून काही दिसत नाही, खाच शाबूत राहते आणि गाठ पसरते.

त्यासाठी शिवणीच्या टोकांना उलट टीप मारून दोरा पक्का करू नका, नाहीतर उसवताना कापड फाटेल. टाकाही २.२ ते २.५ मि.मी. ठेवा. फाकवण्यासाठी बारीक टाका हवा आणि फिरवण्यासाठी थोडा मोठा, म्हणून निवड मशीनवर बसण्याआधी करायची. अर्ध्यात विचार बदलला तर बारीक टाके उसवत बसावं लागतं. ब्लॉक खूप असतील तर हा वेळ जमेस धरा. धुण्यात सतत जाणाऱ्या बाळाच्या दुपट्यालाही मी माया फिरवूनच घेईन, फाकवून नाही.

कापड मध्यम जाड असेल तर मिश्र मार्गही चालतो: तिरक्या शिवणी फाकवायच्या, उभ्या-आडव्या फिरवायच्या. तिरक्या शिवणींचं खेटून बसणं मात्र जातं.

मार्ग कोणताही घ्या, चौकोनाच्या कोपऱ्यातून बाहेर डोकावणारे त्रिकोणी शेंडे जोडण्यापूर्वीच कापा. ३ इंचाचा तयार चौकोन हवा असेल तर ४ इंचाचे गडद आणि फिका असे दोन चौकोन एकमेकांवर ठेवून, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवून, मधून कापल्यावर ३½ इंचावर छाटा; शेंडे त्यातच निघून जातात. दोरा बारीक सुती वापरा. इस्त्री घासू नका, उचलून दाबा, वाफ द्या आणि गरम असतानाच त्यावर कोरडा लाकडी ठोकळा काही क्षण ठेवा. तिरप्या कापाचं कापड घासलं की ताणलं जातं, मग टोकं जुळत नाहीत.

मांडणीचाही विचार आधी करा. तिरकी शिवण मध्यापासून थेट ब्लॉकच्या कोपऱ्यापर्यंत जाते. पिनव्हीलला पिनव्हील चिकटवून लावलं की चार कोपरे भेटतात तिथे पुन्हा आठ टोकं जमतात आणि तशीच दुसरी गाठ तयार होते. तिथेही माया फिरवता येते, पण मोठ्या टॉपवर ते किचकट होतं. मध्ये पट्ट्या लावल्या तर ही गाठ होतच नाही. एक सोडून एक साधा चौकोन लावला तर कोपऱ्यात फक्त दोन तिरक्या शिवणी येतात.