वायफाय धरत नसलेला जुना लॅपटॉप: ड्रायव्हर, डोंगल, नवं कार्ड की फोनची केबल?

लातूर-नांदेडला खोली करून नीट किंवा एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोराच्या हाती बहुतेक वेळा घरातला जुनाच लॅपटॉप येतो. थोरल्या भावाचा कॉलेजातला, नाहीतर कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला. त्यावरचं विंडोज ७ काढून १० टाकतात किंवा विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकतात. स्क्रीन नीट दिसते, आवाज येतो, आणि मग घरच्या जाणकाराला फोन जातो: "दादा, समदं झालं, पण वायफायच धरंना गेलंय."

इथून चार वाटा आहेत. दुकानात गेलात तर आतलं वायफायचं कार्ड बदला म्हणतील, यूट्यूबवरचे व्हिडिओ ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, शोधायला लावतील. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: तुमच्याकडे इंटरनेट येतं कुठून?

गावाकडं, म्हणजे उदगीर, गंगाखेड, केज असल्या तालुक्यांतल्या पुष्कळ घरांत राउटर नाहीच. जे काही नेट आहे ते फोनचं. अशा घरात वायफाय दुरुस्त करण्यावर एक रुपयाही घालू नये. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं, सुरू करायचं. विंडोज १० आणि लिनक्स दोन्ही हे सहसा वेगळा ड्रायव्हर न मागता ओळखतात. फक्त केबल डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. फोन स्वतः एखाद्या वायफायवर असेल, तर तेच नेट तो केबलमधून लॅपटॉपला देतो, डेटा पॅक खर्ची पडत नाही. लाइट गेली की राउटर बंद पडतो, पण बॅटरीवर चालणारा लॅपटॉप आणि फोन पुढे चालू राहतात. आमच्याकडं हे काही लहानसहान सुख नव्हे. तोटा एवढाच की फोन टेबलाला बांधला जातो, आणि मे महिन्यात चार्जिंग व टेदरिंग एकदम चालू असलं की चांगलाच तापतो.

राउटर घरात असेल, हॉस्टेलवर किंवा अभ्यासिकेत वायफाय असेल, तर बाकीच्या तीन वाटांचा विचार करायचा. त्यातही पहिली वाट ड्रायव्हरची, कारण ती फुकट आहे. मात्र ती सगळ्यांसाठी सारखी सोपी नाही.

सुरुवातीला लॅपटॉपच्या कडेला वायफायचं बारकं बटण आहे का, किंवा वरच्या रांगेत अँटेनाचं चित्र असलेली की आहे का, ते पाहून घ्या. बंद असेल तर कुठलाही ड्रायव्हर काही करू शकत नाही. मग डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली लॅपटॉपच्या भागांची यादी, उघडा. पिवळ्या खुणेचं 'नेटवर्क कंट्रोलर' दिसत असेल, तर कार्ड जिवंत आहे, फक्त ड्रायव्हर नाही. तिथं कोड २८ दिसेल, त्याचा अर्थ तोच. यादीत कार्डाचा पत्ताच नसेल, तर ते बायोसमध्ये (विंडोजआधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद केलेलं आहे, सैल झालंय किंवा गेलंय. अशा वेळी ड्रायव्हर शोधत रात्र घालवू नका.

खूण दिसली तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी पाहा. लॅपटॉपच्या झाकणावरच्या नावापेक्षा हा आकडा महत्त्वाचा, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन वेगवेगळी कार्डं बसवायच्या. ८०८६ असेल तर इंटेल, १६८सी असेल तर एथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक आणि १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. हा आयडी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या वेबसाइटवर टाकून शोधला की बऱ्याचदा नेमका ड्रायव्हर सापडतो. त्याहून सोपं म्हणजे फोनची केबल जोडून विंडोज अपडेट चालवायचं. अर्धी कामं तिथंच होतात. विंडोज ७ चा ड्रायव्हर १० वर पुष्कळदा चालतो, पण ३२ बिटचा ६४ बिटवर कधीच चालत नाही. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणाऱ्या सॉफ्टवेअरपासून दूरच राहा. ड्रायव्हरसोबत नको ते पाहुणे येतात.

आता आकड्यावरून ठरवा. इंटेल किंवा एथेरॉस असेल तर ड्रायव्हरवरच थांबा, पुढे खर्च करू नका. रिअलटेकचं बहुधा निभतं. अडचण ब्रॉडकॉम आणि रॅलिंकची. ब्रॉडकॉम वायफायचे विंडोज ड्रायव्हर थेट ग्राहकाला देत नसे, ते लॅपटॉप कंपनीच्याच पानावर मिळायचे. रॅलिंक तर २०११ मध्ये मीडियाटेकनं विकत घेतली, त्यामुळे जुन्या नावानं शोधून हाती काही लागत नाही.

लिनक्सवर हिशोब थोडा बदलतो, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे हा विचार करावाच लागेल. एथेरॉसच्या एआर९२८५ सारख्या कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे, काही टाकावं लागत नाही. ब्रॉडकॉम असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून घ्यावा लागतो. नेट नसलं तरी इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावून ठेवला की तिथूनच मिळतो. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला लावतात आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तिथं घाईनं 'कंटिन्यू' दाबू नका. एनरोलचा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्या, नाहीतर सगळं टाकूनही वायफाय दिसणार नाही.

ड्रायव्हर जमलाच नाही, तर कार्डाआधी डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा वायफायचा छोटा तुकडा. लॅपटॉप उघडावा लागत नाही आणि उद्या दुसरा लॅपटॉप घेतला तरी डोंगल सोबत येतो. विंडोजवाल्यानं डोळे झाकून साधा घ्यावा. लिनक्सवाल्यानं मात्र खोक्यावरचं नाव पाहून फसू नये. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली, नाव तेच राहिलं. पहिली लिनक्सवर लगेच चालायची, पुढच्यांनी लोकांना बराच काळ रडवलं. म्हणून लॅपटॉप सोबत नेऊन दुकानातच लावून बघा. सगळ्यात बारका डोंगल दिसायला छान, पण अँटेना तेवढाच छोटा. माळवदाच्या घरात, हात-दीड हात जाडीच्या भिंतीपलीकडं राउटर असेल, तर बाहेर अँटेना असलेला घ्या आणि २.४ गिगाहर्ट्झच वापरा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असलं तरी भिंतीपुढं लवकर हार मानतं.

आतलं कार्ड बदलणं मी शेवटी ठेवतो, आणि फक्त तेव्हाच जेव्हा लॅपटॉप अजून चार-पाच वर्षं वापरायचा आहे, रॅम आणि एसएसडी आधीच वाढवलीय. वेग आणि रेंज यात ते छोट्या डोंगलला बहुधा मागं टाकतं, कारण अँटेना स्क्रीनच्या कडेनं फिरवलेला असतो आणि यूएसबीचं पोर्टही मोकळं राहतं. पण खाचखळगे बरेच. कार्ड बसायची खाच जुन्या मशीनमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस प्रकारची असते, नंतरच्यांत एम डॉट टू प्रकारची. दोन्हींच्या अँटेनाच्या वायरींची टोकंही वेगळी. इंटेलचं एएक्स२०१ हे कार्ड एएक्स२०० सारखंच दिसतं, पण ते इंटेलच्या नव्या प्रोसेसरशिवाय चालत नाही, जुन्या मशीनसाठी फुकट गेलं. एचपीच्या आणि थिंकपॅडच्या जुन्या मॉडेलांत तर बायोसच बाहेरचं कार्ड नाकारतं: थिंकपॅडवर १८०२ ची चूक दाखवून मशीन तिथंच अडतं. तुमच्या मॉडेलच्या मंजूर यादीत असलेलं कार्ड मिळत असेल तरच पेचकस हातात घ्या, आणि बॅटरी आधी काढा. नाहीतर डोंगल लावून अभ्यासाला बसा.