मालदांडी 35-1 चं बियाणं: पिशवी चोख, तारीख मात्र घाटावरची

मालदांडी 35-1 ही रब्बी ज्वारीची जुनी, नावाजलेली जात. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा. भाकरी गोड आणि कडबा गुरं आवडीने खातात. प्रमाणित पिशवीला निळं लेबल असतं, उगवण किमान 75 टक्के. तरीही 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आधी उगवून पाहावेत.

बियाण्यात खोट नाही. गोव्यात फसगत होते ती पेरणीच्या तारखेत. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर ही शिफारस घाटावरच्या, सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीची. पेडणे, डिचोली, सत्तरीत तेव्हा भात उभं असतं, नाहीतर शेतात चिखल. त्यात बी कुजतं, उगवलंच तर पिवळं पडतं. इथे भात कापल्यावर वाफसा येईल (चिखल ओसरून माती ओलसर पण मोकळी होईल) तेव्हा पेरावं: ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. जूनमध्ये तर नकोच. दिवस मोठा असल्याने ही जात नुसती उंच वाढते, उशिरा फुलते आणि वाऱ्यापावसात लोळते.

डिसेंबरवर ढकललं तर नुकसान ठरलेलं. पीक सुमारे 120 दिवसांचं, म्हणजे दाणा भरायची वेळ मार्चच्या उन्हात येते. जांभ्या मातीत तोवर ओल उरत नाही, ओहोळही आटत आलेले. कणीस पोटरीतून (त्याच्यावरच्या पानाच्या आवरणातून) नीट निसवत नाही, दाणा बारीक राहतो आणि खडखड्या रोगाने ताटं बुंध्याशी मोडतात.

एकरी 4 किलो बी, 45 बाय 15 सेंमी अंतर, खोली 5 सेंमी. काणी (दाण्याची काळी भुकटी करणारा रोग) टाळायला किलोमागे 4 ग्रॅम गंधक चोळावं. पहिला महिना खोडमाशीचा. पानाखाली होडीसारखी पांढरी अंडी दिसतात. मग मधला पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) सुकतो, ओढला की अलगद हातात येतो, टोकाला कुजका वास. म्हणून विरळणीची, म्हणजे जादा रोपं काढण्याची, घाई नको. पोंगेमर झालेली रोपं त्याच वेळी उपटून काढावीत. पाणी बेताचं असेल तर दोन पाळ्या राखून ठेवाव्यात: पोटरीत 50-55 दिवसांनी, फुलोऱ्यात 70-75 दिवसांनी.

40 दिवसांच्या आतली कोवळी ताटं गुरांना घालू नयेत, विषबाधा होते.

कडब्यासाठी बियाणं उत्तम. दाण्यासाठी घ्यायचं तर शेजाऱ्यांशी बोलून सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरावं. एकट्या वाफ्यावर पोपटांचे थवे कणसं रिकामी करतात.