घरचं किट, क्लिनिकमधली रॅपिड की आरटी-पीसीआर? टेस्ट करायला निघालात तर आधी हे वाचा

कालपासून घसा खवखवतोय, अंगात कणकण आहे, आणि घरातलं कोणीतरी मागे लागलंय की जा ना एकदा कोविड-फ्लूची टेस्ट करून ये. क्लिनिकमध्ये गेलात की काउंटरवर विचारतात रॅपिड करायची की आरटी-पीसीआर, आणि आपण गडबडून सांगतो, "जी चांगली असेल ती करा." घोळ इथेच होतो. चांगली कुठली हे दुखण्याचा आज कितवा दिवस आहे आणि रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही नेमकं काय करणार आहात, या दोन गोष्टींवर ठरतं.

रॅपिड अँटिजेन म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी असते ना, तेच तंत्र. थेंब टाकले की ओल पट्टीवरून सरकत जाते आणि विषाणूचं प्रोटीन सापडलं तर टी समोर रेघ उमटते, सी ची रेघ फक्त पट्टी नीट चालली एवढंच सांगते. नाकात जेवढा विषाणू आहे तेवढ्यावरच सगळा खेळ, वाढवून बघायची काही सोय नाही. पीसीआरमध्ये नेमकं तेच करतात, विषाणूच्या जनुकाचा ठरलेला तुकडा प्रत्येक फेरीत साधारण दुप्पट होत जातो, म्हणजे 30 फेऱ्यांत एकाचे 100 कोटींच्या वर, त्यामुळे अगदी जरासा असला तरी सापडतो. (आरटी म्हणजे रिअल टाइम असं बऱ्याच जणांना वाटतं, पण इथे ते रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन आहे, कोविड किंवा फ्लूचा विषाणू आरएनएचा असतो आणि पीसीआरला डीएनए लागतो म्हणून आधी ते रूपांतर करावं लागतं.)

आता खरा फरक कुठे पडतो ते बघा. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2022 मध्ये कोविडच्या अँटिजेन टेस्टवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात लक्षणं असलेल्या बाधितांपैकी सरासरी 73 टक्के लोक या टेस्टने पकडले गेले आणि लक्षणं नसलेल्यांपैकी 55 टक्के. लक्षणांचा पहिला आठवडा असेल तर 81 टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या आठवड्यात थेट 54. उलट बाजूने मात्र ही टेस्ट खोटं फार कमी बोलते, म्हणजे बाधा नसताना पॉझिटिव्ह यायचं प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी. त्यामुळे ताप-खोकला असताना रॅपिड पॉझिटिव्ह आली तर विषय संपला, खात्रीसाठी म्हणून परत पीसीआर करत बसू नका. निगेटिव्ह आली तर मात्र तिच्यावर लगेच विसंबू नका. मी स्वतः पहिल्या दिवशी घरी किटवर निगेटिव्ह बघून निवांत चार लोकांत जाऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी त्याच डब्यातल्या दुसऱ्या किटवर टी ची रेघ सी पेक्षा गडद. मग चारही जणांना फोन करत बसलो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं-किटवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2022 मध्ये सांगितलंय ते याचसाठी, लक्षणं असतील तर निगेटिव्हनंतर 48 तासांनी दुसरी टेस्ट करा आणि लक्षणं नसतील तर 48-48 तासांच्या अंतराने एकूण तीन.

घरी करायची की क्लिनिकमध्ये? पट्टी बहुतेकदा सारखीच असते, फरक हाताचा आहे. घरच्या किटमध्ये स्वॅब नाकपुडीत साधारण 2 सेंटीमीटरच जातो आणि आपण स्वतःच्या नाकाशी जरा जास्तच प्रेमाने वागतो, दोनदा हलका फिरवला की झालं. क्लिनिकमध्ये बऱ्याचदा नाकाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत घालतात, डोळ्यांत पाणी येतं, पण सॅम्पल भरपूर मिळतं. आणि घरी वाचायची घाई नडते. किटवर 15 मिनिटं लिहिलं असेल तर 15, पाचव्या मिनिटाला बघून फेकून देऊ नका आणि दोन तासांनी कचऱ्यातून काढून बघाल तर भलतीच पुसट रेघ दिसेल, ती धरायची नाही. वेळेत दिसलेली पुसट रेघ मात्र पॉझिटिव्हच.

घरी करण्याचा एक फायदा कोणी बोलत नाही, तुम्ही वेटिंग रूममध्ये खोकत बसत नाही. म्हणून क्लिनिकमध्ये जायचंच असेल तर आधी फोन करा, मास्क लावा, बाहेर थांबलं तर चालेल का विचारा. पण घरी पट्टीवरच्या रेघेपलीकडे काही कळत नाही, क्लिनिकमध्ये डॉक्टर छाती ऐकतो, ऑक्सिजन बघतो, आणि कित्येकदा टेस्टपेक्षा तेच जास्त महत्त्वाचं असतं. दम लागतोय, छातीत दुखतंय, ओठ निळसर दिसतायत असं असेल तर टेस्टची तुलना वगैरे बाजूला ठेवा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

फ्लूचं गणित थोडं वेगळं. फ्लूची साधी रॅपिड अँटिजेन टेस्ट 50 ते 70 टक्केच पकडते, म्हणजे फ्लू असलेल्या दहा जणांपैकी तीन ते पाच जणांची निगेटिव्हच येते. इथे क्लिनिकमध्ये एक प्रश्न जरूर विचारा, तुमच्याकडे रॅपिड मॉलिक्युलर टेस्ट आहे का? तीही पीसीआरसारखी जनुकच शोधते, 15 ते 30 मिनिटांत होते आणि 90 ते 95 टक्के पकडते. सगळीकडे मशीन नसतं, पण असेल तर माझं मत डोळे झाकून तिला. काही ठिकाणी एकाच स्वॅबवर कोविड, फ्लू ए, फ्लू बी आणि आरएसव्ही (तान्ह्या बाळांना आणि वयस्करांना जास्त त्रास देणारा श्वसनाचा विषाणू) सगळंच बघतात. घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर ते करून घ्यावं, एरवी तरण्याताठ्या माणसाला नाव कळून फारसा फरक पडत नाही.

औषध घ्यायची वेळ येऊ शकते अशांनी (वय जास्त, गरोदर, दमा, मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी) घड्याळाकडे बघून ठरवा. फ्लूचं ओसेल्टामिविर लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांत सुरू केलं तर सगळ्यात उपयोगी, कोविडची निर्माट्रेल्विर-रिटोनाविर गोळी 5 दिवसांच्या आत. पीसीआर अचूक आहे म्हणून ती केली आणि रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला तर फ्लूच्या बाबतीत त्या अचूकतेचं करायचं काय? अशा वेळी डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू करतात, त्याला घाबरू नका.

आणि बरं झाल्यावर "आता कामावर जाऊ का" यासाठी पीसीआर करू नका, हे मला फार लोकांना सांगावं लागतं. विषाणू मेल्यावरही त्याचे तुकडे नाकात राहतात आणि पीसीआर ते इमानदारीत मोजते, त्यामुळे काही लोकांची पॉझिटिव्ह आठवडेच्या आठवडे हटत नाही. इथे उलट ती कमी पकडणारी रॅपिडच कामाची. पीसीआरच्या रिपोर्टवर सीटी नंबर (कितव्या फेरीत विषाणू सापडला तो आकडा) असेल तर दुसऱ्या लॅबच्या नंबरशी ताडून बघू नका, मशीन आणि किट बदललं की तो बदलतो.

तरी पीसीआरच करायची ठरवलीत तर स्वॅब द्यायच्या आधी एवढंच विचारा की सॅम्पल इथून लॅबला किती वाजता निघतं. मशीनवर काम काही तासांचंच असतं, पण गाडी दुपारीच गेली असेल तर तुमचं सॅम्पल रात्रभर क्लिनिकच्या फ्रिजमध्ये पडून राहणार, मग सकाळी पहिल्या तासाला जाऊन दिलेलं बरं.