केनिया ते मलावी: संभाजीनगरातील एका कागदपत्र सेवेचा अनुभव

आमचा मुलगा कॅथलिक धर्मगुरू आहे. वैजापूर तालुक्यातील आमच्या गावी त्याची गुरुदीक्षा झाली आणि २०२४ च्या आरंभी त्याच्या धर्मसंघाने त्याला मिशनकार्यासाठी केनियाला पाठवले. तेथे दीड वर्ष होते न होते तोच धर्मसंघाच्या प्रांताधिकाऱ्यांचे पत्र आले आणि त्याची बदली मलावी देशात झाली. या दोन्ही वेळची कागदपत्रे छत्रपती संभाजीनगरमधील क्रांती चौक परिसरातल्या एका लहानशा कार्यालयाने करून दिली. परदेशी जाणाऱ्या धर्मगुरूंच्या, सिस्टरांच्या आणि नोकरदारांच्या घरच्यांना उपयोग व्हावा, म्हणून त्या सेवेविषयी लिहीत आहे.

पहिल्या वेळी आम्ही आधी दुसऱ्याच एका एजंटाकडे गेलो होतो. त्याने जन्मदाखला खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करून दिला, आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर शासकीय शिक्का उमटत नसल्यामुळे तो दाखला निरुपयोगी ठरला. क्रांती चौकातील कार्यालय चालवणाऱ्या ताईंनी तो पाहताच ग्रामपंचायतीतून मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील नवा दाखला काढायला सांगितले. नव्या दाखल्यावर जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर असे आले, तर पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून औरंगाबाद होते. ही तफावत आमच्या लक्षातही आली नव्हती. ताईंनी नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत आणि तिचे नोटरी केलेले इंग्रजी भाषांतर आपणहून फाइलला जोडले. पुढे नैरोबीत नेमका हाच प्रश्न विचारला गेला आणि त्या दोन पानांमुळे तो तेथेच मिटला.

कामाची पद्धत त्यांनी आम्हाला कागदावर आकृती काढून समजावली. दस्तऐवज आधी राज्य शासनाकडून, म्हणजे मुंबईत मंत्रालयात, प्रमाणित होतो आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. ज्या देशांनी १९६१ चा हेग करार स्वीकारला आहे, त्यांच्यासाठी तेथे अपोस्टिल, म्हणजे करारातील देशांत ग्राह्य धरले जाणारे प्रमाणन, मिळते. भारतात हा करार २००५ साली लागू झाला. केनियासाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर दिल्लीतील केनियाच्या उच्चायोगाचाही शिक्का घ्यावा लागला आणि त्यात जवळपास पाच आठवडे गेले. मलावी करारातील देश असल्याने दुसऱ्या वेळी अपोस्टिलवर भागले. अपोस्टिलचे सरकारी शुल्क दर कागदामागे ५० रुपये आहे, हे ताईंनी स्वतःहून सांगितले, आणि उरलेली रक्कम मुंबईच्या फेऱ्या, कुरिअर व त्यांचा मेहनताना यांची असल्याचे स्पष्ट केले. आजवर कोणत्याही एजंटाने मला असा हिशेब दिलेला नव्हता.

सर्वांत मोलाचा सल्ला पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचा होता. भारतातून थेट केनियाला जाणाऱ्याला या लसीचे प्रमाणपत्र बहुधा कोणी मागत नाही, म्हणून आम्ही ते टाळणार होतो. ताईंनी ऐकले नाही. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत मोडतो, त्यामुळे तेथून दुसऱ्या देशात जाताना किंवा भारतात परतताना हे पिवळे कार्ड लागते, आणि मिशनऱ्याची बदली कधी होईल हे सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. त्याने मुंबईला जाऊन लस घेतली. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि आता ते आयुष्यभर चालते. बदलीचे पत्र आले तेव्हा त्याच्या सामानात ते कार्ड होते.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक आहे. कन्नड, खुलताबाद, गंगापूर अशा माझ्याही बदल्या झाल्या, पण प्रत्येक ठिकाणी भाकरी तीच होती आणि भाषाही तीच होती. मुलाचे तसे नाही. केनियाच्या वायव्येला तुर्काना भागात, लोडवारजवळ, तो राहत होता. तेथील पाण्याची टंचाई पाहून त्याला आपल्याकडची टँकरची वर्षे आठवत, असे तो फोनवर सांगे. झाडाखाली मिस्सा (चर्चची उपासना), शाळेतील तास, आजाऱ्यांना भेटी, आणि संध्याकाळी स्वाहिलीचा अभ्यास, असा त्याचा दिवस असे. तुर्काना लोकांची स्वतःची भाषा आणखी वेगळी. मक्याच्या पिठाच्या उगालीची सवय झाली, माणसे नावाने ओळखू लागली, आणि तेव्हाच निघावे लागले. निघण्याच्या आदल्या रात्री तो बराच वेळ बोलला नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते त्याने घेतली तेव्हा तिसरे सर्वांत सोपे असेल, असे मला वाटले होते.

मलावीत त्याचा धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, मोठ्या सरोवराच्या काठी आहे. उगालीच्या जागी आता न्सिमा आली आणि चिचेवा भाषा बाराखडीपासून सुरू झाली. "मुली ब्वान्जी" म्हणजे "कसे आहात", हे त्याने आईलाही शिकवले आहे.

दुसऱ्या वेळी तो स्वतः येथे नव्हता, म्हणून सेवेची खरी परीक्षा तेव्हा झाली. पोलीस पडताळणीचा दाखला नैरोबीतील भारतीय उच्चायोगातून मिळू शकतो, हे ताईंनीच कळवले आणि त्याची भारतातील फेरी वाचली. दीक्षेचा दाखला व पदवीपत्रे आमच्याकडून घेऊन त्यांनी अठरा दिवसांत अपोस्टिलसह परत दिली.

उणिवाही सांगायला हव्यात. दुपारी कार्यालयात फोन उचलला जात नाही. इंग्रजी भाषांतरात मुलाच्या आजोबांच्या नावाचे स्पेलिंग चुकले होते. ते आम्ही पकडले नसते तर पुन्हा नोटरीपासून सुरुवात करावी लागली असती. चूक त्यांनी पैसे न घेता दुरुस्त केली, पण चार दिवस गेले. जालना, बीडहून येणाऱ्यांनी आधी वेळ ठरवूनच निघावे, मूळ कागद लॅमिनेट न करता न्यावेत आणि भाषांतराचा प्रत्येक शब्द तेथेच बसून वाचून घ्यावा.

त्याच्या सर्व कागदांचा एक संच ताईंनी आम्हाला लाल फाइलमध्ये लावून दिला आहे. तो आमच्या कपाटात, त्याच्या दीक्षेच्या फोटोखाली ठेवलेला असतो.