सिप घराचं छप्पर: वरही पॅनेल, की कैच्या आणि सेल्युलोज?

सिप म्हणजे दोन लाकडी फळ्यांमध्ये फोमचा गाभा असलेलं तयार पॅनेल. भिंती सिपच्या म्हणून छप्परही सिपचंच हवं, असं नाही. अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात हा निर्णय पोटमाळ्यावरून घ्यावा. तिथे राहती खोली हवी असेल, तर पॅनेल. नुसती रिकामी जागा असेल, तर लाकडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि सीलिंगवर फवारलेलं सेल्युलोज (रद्दी कागदाच्या तंतूंचं उष्णतारोधक) हेच स्वस्त आणि जास्त उबदार.

आकडे पाहा. आर हे उष्णता अडवण्याचं माप; जितका जास्त, तितकं चांगलं. ईपीएस (थर्माकोल) गाभ्याचं सव्वादहा इंची पॅनेल साधारण आर-३७ देतं, सव्वाबारा इंची आर-४५. सेल्युलोज इंचाला आर-३.५ धरलं, तर बसल्यानंतरच्या १७ इंची थराला आर-६० मिळतो. मात्र साधी कैची वळचणीपाशी निमुळती होते आणि थर नेमका तिथेच दबतो. म्हणून उंच टाचेची, म्हणजे भिंतीवर टेकते तिथेही पुरेशी उंच असलेली कैची मागवा, हवेसाठी वर दोन इंच मोकळे ठेवा.

पॅनेलचा खरा शत्रू सांध्यातून निसटणारी दमट हवा. अलास्कातल्या जूनोत २००१च्या सुमारास सिप छपरं आढ्याजवळ कुजलेली आढळली; सांधे नीट बंद नव्हते, वर गेलेली वाफ पॅनेलच्या थंड ओएसबीवर (लाकडी कपच्या दाबून केलेल्या फळीवर) पाणी होऊन बसली. त्यामुळे सांध्यात फोम भराच, शिवाय आतून टेपही लावा. आढ्याच्या तुळईवरची रुंद टेप पॅनेल चढवण्याआधीच अंथरावी लागते, नंतर हात पोचत नाही. आतलं जिप्सम बोर्ड लावण्यापूर्वी ब्लोअर-डोअर चाचणी (दारात पंखा बसवून हवेची गळती शोधणं) करून घ्या.

सेल्युलोजखालच्या सीलिंगलाही हाच नियम: दिव्यांची भोकं आधी बुजवा, मग फवारा.